दुसरा अर्धा तुकडा

माझ्या थोरलीला बढतीचं पत्र आलं त्या दिवसापासून मी घरात भिंत धरून चालायला लागले.

पत्र सोमवारी आलं. जेवायच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली ठेवलेलं आहे. दुसऱ्या गावी, पाणीपुरवठ्याच्या मुख्य कचेरीत, विभागप्रमुख म्हणून. शुक्रवार संध्याकाळपर्यंत होकाराची सही करून पाठवायची. बावीस वर्षं माझी मुलगी या खुर्चीकडे डोळे लावून बसली होती. आता पत्र आलं, तर जाता-येता ती त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डाव्या गुडघ्यात जोर नाही. घरात आम्ही दोघीच. तिचं लग्न झालं आणि मोडलं, त्यालाही जमाना झाला. तिचा भाऊ दूर देशी असतो. परवा फोनवर तिला म्हणाला, "तू आहेस ना तिथं, मग आईची मला काळजी नाही."

चांगल्या मनाने म्हणाला बिचारा. पण हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे.

म्हणून ही भिंत. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सतरा पावलं. एकेक पाऊल मोजून टाकते, ओल्या फरशीवर आधी अंगठा टेकवून बघते. पडायचं नाही. निदान शुक्रवारपर्यंत तरी नाहीच नाही.

मोजायची सवय जुनी आहे. मी ऑपरेशन थिएटरात नर्स होते आणि तिथं मला सगळे 'पाढा' म्हणायचे.

आमच्या वेळी रक्त टिपायचं गॉज तयार पाकिटातून येत नसे. कापडाचे तागे यायचे. दुपारी लांब टेबलाशी बसून इस्पितळातल्या मावश्या त्याचे चौकोन करायच्या, घड्या घालायच्या, आणि पाच-पाचाच्या जुड्या बांधून वाफेच्या पिंपात टाकायच्या. त्या ओलसर, गरम कापडाचा वास अजून माझ्या नाकात आहे. घरी केस मोकळे सोडले की यायचा. हे म्हणायचे, "आलीस का इस्त्री होऊन?"

ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी मी जुडी सोडून मोठ्याने मोजायची: एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरी नर्स फळ्यावर खडूने रेघ ओढायची. वापरलेलं गॉज बादलीत पडलं की ती ते चिमट्याने उचलून खुंट्यांच्या चौकटीवर टांगायची, एका ओळीत पाच. पोट शिवायच्या आधी टांगलेली अधिक टेबलावर उरलेली, यांची बेरीज फळ्याशी जुळली पाहिजे. जुळली की ती म्हणायची, "पूर्ण." हा शब्द ऐकल्याशिवाय डॉक्टर पोट शिवत नसत.

आणि एक नियम सगळ्या नियमांच्या वर होता. थिएटरात गॉज कापायचं नाही. घडी घाला, गुंडाळी करा, पण कात्री लावायची नाही. कापलं की एकाचे दोन होतात आणि मोजणी खोटी पडते. नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगायची. बुटकीलाही मीच सांगितलं होतं. बुटकी म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेली पोरगी. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत तिचा हात पुरत नसे, म्हणून स्टुलावर चढून रेघा ओढायची आणि वरून ओरडायची, "ताई, आज हवा कशी आहे तिथं खाली?"

मी चौतीस वर्षांची असताना मला थिएटरची प्रमुख करत असल्याचं पत्र आलं. त्याच आठवड्यात सासूबाई मागच्या अंगणात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

बैठक बसली. नणंद आली, दीर आले. चहा मीच केला.

नणंद म्हणाली, "वहिनी, तुझं शिक्षणच त्यातलं. घरात नर्स असताना बाहेरची बाई आणायची म्हणजे लोक हसतील."

"अगदी," दीर म्हणाले. "तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही बघ."

मी म्हटलं, "मला बढतीचं पत्र आलंय."

"अगं, नोकरी काय पळून जाते?" नणंद म्हणाली. "सहा महिन्यांचा तर प्रश्न."

मी यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. पेपर दोन दिवसांपूर्वीचा होता. "मी काय सांगू?" हे म्हणाले. "तू ठरव."

तू ठरव म्हणजे आमचं ठरलंय, तू फक्त मान हलव. मी मान हलवली. पत्र चादरींच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवलं आणि सासूबाईंना त्याबद्दल अक्षर बोलले नाही.

सहा महिन्यांची चार वर्षं झाली. हाड सांधलं नाही नीट, मग अर्धांगाचा झटका आला, मग पाठीला जखमा झाल्या. त्या जखमा मी सकाळ-संध्याकाळ धुवायची. गॉज नेहमी कमी पडायचं. आठवड्याला एक पुडकं मिळायचं, ते पुरवायचं म्हणून मी प्रत्येक तुकडा मधोमध कापायची. एक आता, एक नंतर. चार वर्षं, दिवसातून दोनदा. थोरली तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला कात्रीला हात लावायला मिळायचा नाही, म्हणून ती जोड्या लावत बसायची. अर्ध्याला अर्धा.

सासूबाई वाईट नव्हत्या. पेल्यावर चमचा वाजवून हाक मारायच्या, "सिस्टर! तीन नंबरच्या पेशंटला पाणी!" मी विचारायची, "एक आणि दोन नंबर कुठं गेले?" त्या म्हणायच्या, "पळाले. तुझी औषधं घेऊन."

तिसऱ्या वर्षी थोरलीने कपाटातून ते पत्र शोधून काढलं आणि आपल्याला जोडाक्षरं वाचता येतात हे दाखवायला आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. मी स्वयंपाकघरातून धावत आले तोवर वाचून झालं होतं.

"हे कधीचं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही पडलात त्या आठवड्यातलं."

त्या छताकडे बघत राहिल्या. झटक्यानंतर त्यांचे शब्द ओढत यायचे. म्हणाल्या, "आधी सांगायचंस गं. भिंत धरून चालले असते."

मी हसले, कारण त्या थट्टा करताहेत असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

त्या गेल्यावर दोन महिन्यांनी मी मेट्रनबाईंच्या पुढ्यात उभी राहिले. त्या माझा अर्ज दोन बोटांत धरून वाचत होत्या.

"चार वर्षं म्हणजे फार झाली," त्या म्हणाल्या. "घरी बसलेल्या बाईचे हात घरचे होतात."

"मी बसले नव्हते, मॅडम."

"मग काय करत होतात?"

"रुग्णसेवा."

"त्याचा दाखला आहे?"

माझ्याकडे दाखला नव्हता. दाखला देणारीला आम्ही दोन महिन्यांपूर्वी पोचवून आलो होतो.

मला नवी म्हणून घेतलं. आधीची बारा वर्षं धरली नाहीत. सहा महिने कच्ची नोकरी, आणि त्यात वहीत एक जरी वाईट शेरा आला तर घरी. दाराबाहेर बाकावर आणखी दोघी अर्ज घेऊन बसल्या होत्या. एकीने आजारी मुलासाठी नोकरी सोडलेली, दुसरीने वडिलांसाठी. मेट्रनबाई त्यांच्याकडे हात करून म्हणाल्या, "तुमचं कसं जमतं ते बघते. मग यांचं."

थिएटरची प्रमुख आता बुटकी होती. कपडे बदलायच्या खोलीत ती मला ताई म्हणायची, दाराबाहेर पडली की सिस्टर. तिची चूक नव्हती. सगळ्यांपुढे ताई म्हणाली असती तर तिचं कोण ऐकणार?

ते पाच महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. सगळीकडे काहीतरी सरकलेलं होतं. कात्र्या उजवीकडच्या खणातून डावीकडे गेल्या होत्या. पिंपाची झाकणं बदलली होती. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली मला वाट दाखवायच्या, आणि दाखवताना एकमेकींकडे बघायच्या. मी घरून निघताना उंबऱ्यावर उभी राहून हत्यारांची नावं क्रमाने म्हणायची. जेवण जायचं नाही. हात धुताना पाणी कोपरावरून ओघळायचं, तेव्हा मी बोटांकडे बघत असायची. घरचे झालेत का हे? कशावरून कळतं? एखादी चूक झाल्याशिवाय कळतच नाही, आणि कळल्यावर उपयोग नाही.

वीस दिवस उरले होते. एक-एक दिवस मी कॅलेंडरवर खोडत होते.

त्या सकाळी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. पेशंट शिवणकाम करणारी बाई. टेबलावर घेतलं तेव्हा भीतीने पांढरीफटक पडली होती, पण तोंड चालू. मोठ्या डॉक्टरांना म्हणाली, "टाके सरळ घाला हं, साहेब. मी शिवणारी बाई आहे. वाकडे पडले तर मला लगेच कळेल."

मोठ्या डॉक्टरांना आम्ही तोफखाना म्हणायचो. तेसुद्धा हसले. भूल दिली आणि खोली गप्प झाली.

मी हत्यारं देत होते. बुटकी फळ्याशी होती, कारण त्या दिवशी दुसरी नर्स आली नव्हती. चार जुड्या सोडल्या. वीस. सगळं छान चाललं होतं. मध्येच आत खोलवर एक शीर सुटली आणि रक्त यायला लागलं.

"गॉज! आणखी! अरे, बारीक दे, एवढं मोठं जात नाही तिथं! बारीक!" तोफखाना सुटला. मी देत गेले. रक्त थांबलं. डॉक्टरांनी कपाळ पुसून घेतलं आणि म्हणाले, "मोजा."

टेबलावर चार उरली होती, कोरी. बुटकीने चौकट मोजली. तीन भरलेल्या ओळी आणि चौथीत एक. सोळा. सोळा आणि चार वीस. फळ्यावर वीस.

"पूर्ण," बुटकी म्हणाली.

माझा श्वास सुटला. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि मी सुई दिली. आतला पहिला टाका पडला. दोरा कापायला मी माझ्या टेबलावरची कात्री उचलली.

कात्रीच्या पात्याला पांढरं तंतूसारखं काहीतरी चिकटलं होतं.

मी बघितलं. दोऱ्याचं नव्हतं ते. दोरा काळा होता. ते गॉजचं सूत होतं.

क्षणभर मला काही कळलं नाही. मग माझ्या हातांना आठवलं, डोक्याच्या आधी. बारीक दे, ते म्हणाले होते, आणि माझ्या बोटांनी घरी चार वर्षं जे केलं तेच केलं होतं. मधोमध. कर्र. एक आता, एक नंतर. मला न विचारता. मी मान वळवून खुंट्यांकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीतलं चौथं गॉज इतरांपेक्षा आखूड लोंबत होतं. रक्ताने काळं झालेलं, चुरगळलेलं. कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण एक कड सरळ होती.

विसाचे मी एकवीस तुकडे केले होते. बाहेर वीसच होते.

घाम कण्यावरून खाली उतरताना मला मोजता आला असता. पुढचे चार-पाच क्षण मी कशाचा विचार केला ते आज सांगायला हरकत नाही. सगळे मेलेत, मी आणि थोरली सोडून. मी त्या शिवणकामवालीचा विचार केला नाही. मी वीस दिवसांचा विचार केला. मी मेट्रनबाईंच्या तोंडाचा विचार केला. 'घरचे होतात.' बाकावर बसलेल्या त्या दोघींचा विचार केला. मी तोंड उघडलं तर मेट्रनबाई खऱ्या ठरणार होत्या, माझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. आणि नाही उघडलं तर? मोजणी जुळली होती. पूर्ण म्हणून झालं होतं. शे-पन्नास कारणांनी पोट पुन्हा दुखू शकतं. कुणी कधी माझ्यापर्यंत आलं नसतं.

दुसरा टाका पडला.

"सिस्टर, कात्री," डॉक्टर म्हणाले. "झोपलात का?"

"थांबा," मी म्हटलं. आवाज माझा नव्हता. "आत आहे."

"काय आहे?"

"गॉज. अर्धं. मी कापलं होतं."

भूल देणारे डॉक्टर पिशवी दाबत होते, तिचाच काय तो आवाज.

"पूर्ण आहे म्हणाली ती," डॉक्टर हळू बोलले. तोफखाना हळू बोलला की आम्ही जास्त घाबरायचो.

"तिची चूक नाही. तिसरी ओळ, चौथं बघा."

बुटकी चौकटीकडे गेली. चिमट्याने ते गॉज उलगडलं. सगळ्यांना ती सरळ कड दिसली. तिने बादली पालथी केली, जमिनीवर बसून टेबलाखाली हात घातला, माझ्या टेबलावरची चादर झटकली. मग उठली. तोंडावर कापड होतं, नुसते डोळे दिसत होते.

"ताई," ती म्हणाली, सगळ्यांसमोर, "दुसरा अर्धा कुठंय?"

टाके काढले. डॉक्टरांनी आत हात घातला. सापडेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. "नाहीये इथं," ते म्हणाले. मग मी खोटं बोलले की काय? माझं डोकंच फिरलं की काय? कदाचित कात्रीचं सूत कालचं असेल. कदाचित मी आज कापलंच नसेल. आपल्याच हातांवर आपला भरवसा नसणं यासारखी दुसरी भीती नाही. मी मरणाला जवळून बघितलंय. ते इतकं वाईट नसतं.

"यकृताच्या मागे बघा," मी म्हटलं. "तिथंच दिलं होतं मी."

डॉक्टरांनी बोटं खोल सरकवली. डोळे मिटले. आणि हात बाहेर आला तेव्हा दोन बोटांच्या चिमटीत ते होतं. लहानसं, घडी पडलेलं, लालभडक.

बुटकीने ते घेतलं आणि पहिल्या अर्ध्याशेजारी, त्याच खुंटीवर टांगलं.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ती माझ्यासमोर वही घेऊन बसली. पेन उघडं होतं.

"ताई, मला लिहावं लागेल."

"लिही."

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मी नाही लिहिलं तर..."

"मग उद्या तुझ्या मुलींना काय सांगशील? कापलं तर चालतं?"

ती रडायला लागली. मला वाईट वाटायचं सोडून रागच आला. "रडू नकोस, शाई पसरेल," मी म्हटलं. "आणि हेही लिही की तिने स्वतः सांगितलं."

तिने दोन्ही लिहिलं. मेट्रनबाईंनी पहिलं वाक्य वाचलं आणि दुसरं वाचून म्हणाल्या, "सांगायलाच हवं होतं. त्यात काय?" मला काढलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. गॉज घडी करणाऱ्या मावश्यांवर देखरेखीला बसवलं. आणि एक नवा नियम काढला: वर्षाहून जास्त घरी राहिलेल्या नर्सला थिएटरात घ्यायचं नाही. बाकावरच्या त्या दोघी पुन्हा चौकशीला आल्या आणि अर्ज घेऊन परत गेल्या. आजारी मुलाची आई जाताना माझ्या टेबलाशी थांबली. मला वाटलं शिव्या देईल. तिने एक जुडी उचलली, मोजली, खाली ठेवली आणि गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी निवृत्त होईपर्यंत त्या टेबलाशीच होते. वीस वर्षं पाच-पाचाच्या जुड्या. शिवणकामवाली दहा दिवसांनी घरी गेली. जाताना आरशात टाके बघून डॉक्टरांना म्हणाली, "बरे आहेत. दोन जागी दोरा ओढला गेलाय." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट थोरलीने माझ्याकडून शंभरदा ऐकली आहे. लहानपणी तीच सांगायला लावायची. तिला त्यातलं 'सापडेना' आवडायचं.

आज शुक्रवार.

सकाळी ती कचेरीत गेली. पत्र बरणीखालीच, सही नाही. "संध्याकाळी बघू," म्हणाली. मी भिंत धरून न्हाणीघराकडे निघाले. सतरा पावलं. पण भिंत सलग नसते, हे चार दिवस माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मध्ये दार येतं. आज ते उघडं होतं. बाराव्या पावलाला माझ्या हाताखाली भिंत नव्हतीच.

मी उजव्या हातावर पडले. आवाज फार झाला नाही. फरशीवर गाल टेकवून पडल्या पडल्या मी स्वतःला तपासलं: खुबा, गुडघा, डोकं. सगळं जागेवर. फक्त मनगट. ते माझ्या डोळ्यांदेखत फुगत होतं.

अर्ध्या तासाने उठून बसता आलं. पहिला विचार डॉक्टरचा आला नाही, पत्राचा आला. चार वाजता ती येईल. साडेपाचला टपाल निघतं. दीड तास. एवढं झाकलं की झालं. न्हाणीघरातल्या खणातून गॉजची जुनी पट्टी काढली. गाठीला पुरेल इतकीच हवी होती. डाव्या हाताने कात्री चालवली, मधोमध. बांधली, दातांनी गाठ मारली, वर लांब बाह्यांचा स्वेटर चढवला. उकडत होतं.

ती आली. यायलाच पाच वाजले होते. तोंड धुवायला गेली. पाण्याचा आवाज बंद झाला आणि ती बाहेर आलीच नाही. मला कळलं काहीतरी चुकलं. मी काय मागे ठेवलं? मी मनात न्हाणीघर मोजू लागले: बादली, खण, कात्री.

ती दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात कोऱ्या गॉजचा एक तुकडा होता. एक कड सरळ.

"आई," ती म्हणाली, "दुसरा अर्धा कुठंय?"

मी म्हटलं, "पत्रावर सही कर."

"हात दाखव."

"आधी सही."

"आई, तू उकाड्यात स्वेटर घालून बसलीयेस."

"मला थंडी वाजतेय. म्हाताऱ्यांना वाजते. सही कर."

"आणि मी गेल्यावर तुला कोण उचलणार? फोनवरून तुझा लेक?"

"मी उठले ना आज?" हे तोंडातून निसटलं आणि मी जीभ चावली.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे लाल झाले होते. तेव्हा मला दिसलं की ती माझ्याइतकीच घाबरली आहे. जाण्याला घाबरली आहे आणि राहण्यालाही. तिने खुर्ची ओढली, मिठाची बरणी बाजूला केली आणि पेन उघडलं. सही केली. खाली तारीख घातली. माझी नजर शाईवर होती. वाळू दे लवकर.

"झाली," ती म्हणाली. "पण लिफाफा अजून उघडा आहे. आण हात."

मी हात पुढे केला. तिने बाही वर सरकवली, गाठ सोडली आणि अंगठ्याने हाडावर दाबत गेली, मी तिला लहानपणी शिकवलं होतं तसंच, हळू, एकेक बोट पुढे. मोडलेल्या जागेवर आली तेव्हा थांबली.

"इथं दुखतं?"

साडेपाचला वीस मिनिटं होती.

"नाही," मी म्हटलं.

दुखत होतं.